दुमडलेला कोपरा

"नाव काय लिहू, सर?"

मी मान वर न करताच विचारलं होतं. वर केली, तर समोर माझे वडील उभे.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावरच्या फळ्याकडे बघत, नव्या गिऱ्हाइकासारखं घुटमळत ते म्हणाले, "मोरे लिहा, मॅडम."

आमचं आडनाव गांगुर्डे. सोयऱ्याधायऱ्यांतही कुणी मोरे नाही. मी निमूटपणे मोरे लिहिलं. माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर सलील सर उभे होते.

"काय देऊ?"

"कॉफी. त्यातल्या त्यात जी साधी असंल ती."

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. नाशिकला गंगापूर रोडवर ते कॉफीचं दुकान होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिथे आता चष्मे मिळतात. मी तेव्हा वीस वर्षांची होते. काउंटरवर उभं राहायचं, गिऱ्हाइकाला हसून विचारायचं, चिठ्ठी लिहायची आणि ती मागे विल्सनकडे द्यायची, एवढंच माझं काम. पण त्या कामाचा ताठा मला कलेक्टरीणबाईंपेक्षा जास्त होता.

मुलाखतीत सलील सरांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?"

"इंटिरियरमध्ये आहेत," मी म्हणाले. अगदीच खोटं नव्हतं. रंगारी बाहेरच्या भिंतींपेक्षा आतल्याच जास्त रंगवतो.

सलील सर म्हणजे दुकानाचे मॅनेजर. ते कधी आवाज चढवत नसत. ओरडणाऱ्या माणसाची सवय होऊन जाते. हळू बोलणाऱ्याची होत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चिठ्ठीचा कोपरा दुमडायला शिकवलं.

ते असं होतं. विल्सनच्या डोक्यावर एक तार बांधलेली होती आणि तिला चिमट्यांनी चिठ्ठ्या लावायच्या. मशीन भिंतीकडे तोंड करून असल्यामुळे विल्सनची पाठ दिवसभर गिऱ्हाइकांकडे असे. त्याला माणसं दिसत नसत, फक्त चिठ्ठ्या दिसत. ज्याच्या चपलेला माती, ज्याच्या हातात कापडी पिशवी, जो यादी वाचताना ओठ हलवतो, त्याच्या चिठ्ठीचा वरचा कोपरा दुमडायचा. दुमडलेली चिठ्ठी तारेच्या शेवटी. नंतर कितीही नव्या चिठ्ठ्या येवोत, त्या हिच्याआधी लागणार. दुकान रिकामं झालंच, तर हिचा नंबर.

"आपण कुणालाही नाही म्हणत नाही," सलील सर म्हणायचे. "फक्त थांबायला सांगतो. ज्याला जागा आपली वाटत नाही, तो आपला आपण उठतो."

आणखी एक होतं. अशा माणसाच्या टेबलावरची साखरेची वाटी उचलून आणायची. का, तर पुड्या खिशात घालून नेतात. त्याला साखर मिळणार ती कॉफीबरोबर, दोन पुड्या.

माझ्या हातून एखादा कोपरा दुमडायचा राहिला, की सलील सर काही बोलत नसत. नुसतं उजव्या हाताचं पहिलं बोट वाकवत. मला ते बोट स्वप्नात दिसायचं.

घरी मात्र मी त्याचीच टिंगल करायची. जेवायला बसलो, की पोळीचा कोपरा दुमडून आप्पांच्या ताटात ठेवायची, बोट वाकवून दाखवायची आणि सरांच्या आवाजात म्हणायची, "पाचच मिनिटं हं, काका." आप्पा हसून हसून खोकायचे. आई म्हणायची, "हसू नका हो, ठसका लागंल."

"मी आलो कधी तिथं, तर?" एकदा आप्पांनी विचारलं.

"तर मॅडम म्हणायचं," मी म्हणाले. "ओळख दाखवायची नाही."

आम्ही सगळेच हसलो. मी थट्टेत म्हटलं होतं, पण सगळी थट्टा नव्हती ती. माझ्याआधी काउंटरवर वृषाली नावाची मुलगी होती. तिची आई भाजी विकायची. एक दिवस ती लेकीचा विसरलेला डबा द्यायला आली आणि वृषालीने तिला आत खिडकीजवळ बसवून थंड पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सलील सर हळू आवाजात म्हणाले, "वृषाली, उद्यापासून तू आईला मदत कर." हे मला विल्सनने सांगितलं होतं. तेव्हापासून दुकानाचं दार उघडलं, की मी आधी चपला बघायची.

त्या दिवशी माझे उमेदवारीचे तीन महिने पुरे होत होते. संध्याकाळी कायमचं पत्र मिळणार होतं. आप्पांना साखरेचा आजार. रोज सकाळ-संध्याकाळ सुई टोचून घ्यावी लागायची आणि ती सुई माझ्या पगारातून यायची. रंगाची कामं कधी असत, कधी नसत. औषधाला मात्र रोज हजेरी लावावी लागते.

आणि त्याच दिवशी, सकाळी सव्वाअकराला, आप्पा समोर उभे. अंगात लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा. केस पाण्याने चापून बसवलेले. पण नखांच्या कडांना पिस्ता रंग होता. तो रॉकेलनेही जात नाही, मला माहीत होतं.

सलील सरांनी ती नखं पाहिली. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. त्यांचं बोट वाकलं.

मी चिठ्ठी काउंटरच्या कडेखाली घेतली आणि कोपरा दुमडला. आप्पा फळ्याकडे बघत होते. त्यांना दिसलं नसणार, असं मी धरून चालले.

"बसा, सर. पाचच मिनिटं," मी म्हणाले.

"बसतो, मॅडम. घाई नाही."

ते दाराजवळच्या लहान टेबलाशी बसले. मी जाऊन तिथली साखरेची वाटी उचलली. त्यांच्या इतक्या जवळ गेले, की सदऱ्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, नखं आत वळवून. मी वाटी घेऊन परत आले. एवढंच मनात होतं, की यांनी लवकर कंटाळावं आणि उठून जावं. देवाला हेच मागत होते मी, की माझ्या वडिलांना इथून घालव.

तारेवर तेव्हा तीन चिठ्ठ्या होत्या, त्यांची चौथी. मग कॉलेजची पोरं आली, चौघं. त्यांच्या चिठ्ठ्या आधी लागल्या. मग कुत्रं घेऊन येणाऱ्या एक बाई रोज यायच्या, त्या आल्या. त्यांना सलील सरांनी खुर्ची ओढून दिली आणि कुत्र्याला बशीत पाणी दिलं. आप्पांच्या टेबलावर पाणी नव्हतं. त्यांनी कुत्र्याकडे बघून जरा कौतुकाने मान हलवली.

साडेअकरा झाले. अकरा पस्तीस.

मग मला आठवलं. आप्पा सकाळी आठला सुई घेतात. त्यावर दोन पोळ्या खातात, आणि अकराला हातातलं काम ठेवून डबा. डबा चुकला, तर साखर भसकन उतरते. म्हणून त्यांच्या कामाच्या शर्टाच्या खिशात आई गुळाचा खडा ठेवायची, कागदात बांधून.

कामाच्या शर्टाच्या खिशात. आणि आज अंगात पांढरा सदरा होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. एसीच्या गारव्यात त्यांच्या कपाळावर घाम होता. ते अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून बघत होते, रंग वाळला की नाही हे बघतात तसा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत असंच झालं होतं. आधी घाम, मग बोटांचा तो चाळा, मग बोलणं बंद. आणि मग आप्पा हसायला लागले होते. कुणाकडे न बघता, लहान मुलासारखे. आई किंचाळली होती, "सुलू, हे हसू राहिलेत बघ!" सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले होते, आणखी थोडा उशीर झाला असता, तर माणूस हाती लागला नसता. तेव्हापासून आमच्या घरात आप्पा विनाकारण हसले, की सगळ्यांचे हात थंड पडायचे.

अजून हसत नाहीत, मी स्वतःला सांगितलं. अजून वेळ आहे.

मी पाठमोरी होऊन तारेकडे गेले. आप्पांची चिठ्ठी अजून शेवटीच होती. मी ती काढली, दुमडलेला कोपरा सरळ केला, नखाने घासून घासून चापट केला आणि सगळ्यांत पुढे लावली.

"विल्सनभाऊ, ही आधी करा ना."

"करतो की," विल्सन मशीनकडे बघतच म्हणाला.

मी वळले, तर सलील सर. ते माझ्या मागेच होते. त्यांनी हात लांब करून चिठ्ठी काढली आणि दिव्यासमोर धरली.

"घडी दिसतेय, सुलक्षणा," ते हळूच म्हणाले. "एकदा पडलेली घडी जात नसते." आणि त्यांनी ती पुन्हा शेवटी लावली. "आज शेवटचा दिवस आहे ना तुझा उमेदवारीचा? मग आजच असं?"

मी "सॉरी सर" म्हणाले. याची मला आजही लाज वाटते. तेव्हा लाज नाही वाटली, फक्त भीती वाटली. एकीकडे ते पत्र आणि एकीकडे तो घाम, आणि मी मध्ये पेन धरून उभी. पुढच्या गिऱ्हाइकाला मी हसून विचारलं, "नाव काय लिहू, मॅडम?"

तेवढ्यात आप्पा बोलले. आवाज जड होता, जीभ सुजल्यासारखा.

"साहेब... जरा साखर मिळंल का? नुसती?"

सलील सर त्यांच्या टेबलापाशी गेले. कमरेत किंचित वाकून, गोड आवाजात म्हणाले, "कॉफीबरोबरच येईल हं, काका. पाचच मिनिटं."

"बरं बरं," आप्पा म्हणाले.

शेजारच्या टेबलावर, त्यांच्या कोपरापासून दीड हातावर, कॉलेजच्या पोरांपुढे साखरेच्या पुड्यांनी भरलेली वाटी होती. आप्पांनी ती बघितली. हात पुढे केला नाही. दुसऱ्याच्या घरात भिंती रंगवताना माठातलं पाणीसुद्धा विचारून घेणारा माणूस तो.

मी चिठ्ठी लिहीत होते. अक्षरं कागदावरून खाली उतरत होती. मनात म्हणत होते, आप्पा, सांगा ना मोठ्याने, मला साखरेचा आजार आहे म्हणून. मग कुणीही देईल. मला काही करावं लागणार नाही. सांगा ना.

मी मान वर केली.

आप्पा हसत होते.

समोरच्या काचेकडे बघून, ओठ एका बाजूला कलते करून, लहान मुलासारखे हसत होते. कुत्र्यावाल्या बाईंना वाटलं, त्यांच्याकडे बघूनच हसतायत. त्यांनी कपाळाला आठी घालून खुर्ची वळवून घेतली.

काउंटरची लाकडी फळी उचलून बाहेर यायला वाट होती. मी ती उचलली की उडी मारली, ते मला आठवत नाही. गुडघ्यावरचा व्रण सांगतो, की उडी मारली असावी.

"सुलक्षणा, काउंटर सोडायचा नाही," मागून आवाज आला. अजूनही हळूच.

मी पोरांच्या टेबलावरची वाटी उचलली. दातांनी पुड्या फाडल्या. एका हाताने आप्पांची हनुवटी धरली.

"आप्पा, तोंड उघडा. आप्पा! माझ्याकडं बघा. तोंड उघडा."

आप्पांचे दात घट्ट मिटलेले होते. मी ओठ बाजूला करून हिरड्यांवर साखर चोळली. माझ्याच बोटांना लागून अर्धी खाली सांडत होती. एक पोरगा धावत आपल्या ग्लासातलं सरबत घेऊन आला. सलील सर येऊन उभे राहिले.

"हे कोण आहेत?"

"वडील आहेत माझे!" मी ओरडले. त्या दुकानात इतक्या मोठ्या आवाजात कुणी बोललं नसेल.

आणि तेव्हा आप्पांचे ओठ हलले. डोळे कुठल्या कुठे फिरत होते, मान धरवत नव्हती, आपण कुठे आहोत हे त्यांना कळत असेलसं वाटत नाही. पण साखर लागलेली ती जीभ कशीबशी वळली.

"नाही हो, साहेब," ते म्हणाले. "मी ओळखत नाही यांना. मी... मोरे आहे. मॅडमची काही चूक नाही."

"आप्पा, गप्प बसा. गिळा आधी."

"माझी कुणी नाही ती," आप्पा पुन्हा म्हणाले. "मी मोरे."

मी त्यांना घोट घोट सरबत पाजत राहिले आणि ते प्रत्येक घोटामागे मोरे, मोरे करत राहिले. मला रडता येत नव्हतं, कारण रडले असते तर ग्लास हलला असता.

दहा मिनिटांनी त्यांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सलील सरांकडे, मग अंगावर सांडलेल्या सरबताकडे. "सदरा खराब झाला," ते म्हणाले.

सलील सरांनी माझ्यापुढे हात केला. मी ॲप्रन काढून त्यांच्या हातात दिला. वाटीत उरलेल्या पुड्या मी मूठ भरून आप्पांच्या खिशात कोंबल्या. तीन महिन्यांत त्या दुकानातून साखर खिशात घालून नेताना मी पाहिलेली पहिली माणसं आम्हीच.

आप्पांना धरून दाराशी पोचले, तेव्हा मागून विल्सनची हाक आली. त्याने कुठे काही पाहिलं होतं! मशीनच्या घरघरीत त्याला काही ऐकूही गेलं नसावं.

"मोरे!" तो म्हणत होता. "मोरे, एक साधी कॉफी!"

आम्ही वळलो नाही.

रस्त्यापलीकडे बँकेच्या पायऱ्या होत्या. तिथे सावलीत मी आप्पांना बसवलं. गाडीवरून दोन केळी आणली. त्यांनी सावकाश खाल्ली, सालं घडी करून बाजूला ठेवली.

"गूळ कुठंय?" मी विचारलं.

"तिकडच्या शर्टात राहिला. इथंच मागल्या गल्लीत काम चालू आहे ना. शर्ट बदलून आलो. तुझ्या दुकानात त्या शर्टानं कसं यायचं?"

"पण आलात कशाला, आप्पा?"

"आज तू पक्की व्हायची होतीस. म्हटलं, बघू तरी, माझी पोर कशी उभी राहती ते. एक कॉफी प्यायची अन् निघायचं. ओळख दाखवणारच नव्हतो."

मी त्यांचा हात हातात घेतला. अजून थंड होता, पण थरथर थांबली होती. समोर दुकानाच्या काचेतून सलील सर काउंटरवर उभे दिसत होते. ते स्वतः चिठ्ठ्या लिहीत होते.

"नोकरी?" आप्पांनी विचारलं.

"गेली."

भिंतीला पोपडा कुठून सुटलाय हे शोधताना बघायचे, तसे रस्त्याकडे बघत राहिले.

"गेलीच ना शेवटी," ते म्हणाले. "मग कोपरा कशाला दुमडलास, बाई?"

चिडून नव्हतं विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी मान खाली घातली आणि त्यांच्या नखांवरचा पिस्ता रंग माझ्या नखाने खरवडत बसले. तो निघत नव्हता.